काय वाचलंस, सांग ना!

दोस्तांनो, एक साधा प्रश्न विचारू? सध्या कोणतं पुस्तक वाचताय?

अभ्यासाचं नव्हे हं! धड्याखालच्या प्रश्नोत्तरांसाठी वाचलेलं तर मुळीच नाही. कुणी सांगितलेलं नसताना, जेवणाच्या ताटाशेजारी उघडं ठेवून, आईची बोलणी खात खात जे वाचलंत ना, ते.

आठवलं? छान! आता पुढचा प्रश्न. ते पुस्तक आहे कसं?

इथे मात्र बऱ्याच जणांची गाडी अडते. "मस्त आहे", "छान आहे", "बरं आहे" की संपलं! हीच मंडळी कालची क्रिकेटची मॅच सांगायला बसली, की शेवटच्या षटकात कोण कसा धावला, कुणाच्या हातून झेल सुटला, सगळं अगदी हातवारे करून सांगतात. सिनेमाची गोष्ट तर मारामारीच्या आवाजांसकट! मग पुस्तकाच्याच वेळी तोंडाला कुलूप का बरं लागतं?

एक कारण सहज सापडतं. पुस्तकाबद्दल बोलायचं म्हटलं, की आपल्याला शाळेतला निबंध आठवतो. 'माझे आवडते पुस्तक.' आधी लेखकाचा परिचय, मग सारांश, मग पुस्तकातून मिळणारा बोध, आणि शेवटी 'म्हणून हे पुस्तक मला फार आवडते.' निबंधाला त्याची जागा आहे, त्याचे गुणही मिळतात. पण मधल्या सुट्टीत डबा खाताना असा निबंध कोण ऐकून घेईल?

तेव्हा आज निबंधाला जरा बाजूला बसवू या. वाचलेलं पुस्तक दोस्तांना सांगायचं कसं, आणि मुळात सांगायचं तरी कशाला, ते पाहू. सुरुवात करू तुमच्याच वयाच्या एका मुलापासून.

एका शिलिंगाचा अभिप्राय

लंडनमध्ये 'जॉर्ज अ‍ॅलन अँड अनविन' नावाची एक प्रकाशन संस्था होती. तिचे प्रमुख होते स्टॅन्ली अनविन. त्यांचं मत असं, की मुलांच्या पुस्तकांची पारख मुलांनीच करावी. म्हणून मुलांसाठीचं एखादं हस्तलिखित आलं, की ते आपल्या मुलाच्या, रेनरच्या हाती देत. रेनरनं ते वाचायचं, चार ओळींत मत लिहून द्यायचं आणि बक्षीस म्हणून एक शिलिंग खिशात टाकायचं!

१९३६ साली, रेनर दहा वर्षांचा असताना, एक हस्तलिखित आलं. लिहिणारे होते ऑक्सफर्ड विद्यापीठातले एक प्राध्यापक. गोष्ट होती बिळात सुखानं राहणाऱ्या, वेळच्या वेळी खाणंपिणं करणाऱ्या, साहसाचं नाव काढलं की अंग चोरणाऱ्या एका ठेंगू जीवाची. आणि तोच पुढे घराबाहेर पडून थेट एका ड्रॅगनच्या दारापर्यंत पोचतो!

रेनरनं ते वाचलं आणि एका परिच्छेदात त्याची गोष्ट लिहून काढली. स्पेलिंगच्या चुका केल्या. नकाशे असतील तर या पुस्तकाला चित्रं नसली तरी चालेल, असा सल्लाही दिला. आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल, असं ठोकून दिलं. स्वतः पडला दहा वर्षांचा ना! नऊ वर्षांची मुलं त्याला अगदीच चिल्लीपिल्ली वाटत असणार.

ते पुस्तक म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन यांचं 'द हॉबिट'. सप्टेंबर १९३७ मध्ये ते प्रकाशित झालं. पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत संपून गेल्या. पुढे रेनर मोठा झाला, वडिलांच्याच संस्थेत काम करू लागला. टॉल्किन यांचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे भलंथोरलं पुस्तक १९५४-५५ मध्ये तीन भागांत निघालं, त्यामागेही रेनरच खंबीरपणे उभा होता.

"बाबा, पुढचं कुठाय?"

आता साठेक वर्षं पुढे येऊ. शहर तेच, लंडन. प्रकाशन संस्था मात्र दुसरी, 'ब्लूम्सबरी'. एका अनोळखी लेखिकेचं हस्तलिखित तिथे आलं होतं. त्याआधी डझनभर प्रकाशकांनी ते नाकारलं होतं. संस्थेचे प्रमुख नायजेल न्यूटन यांनी त्यातलं पहिलं प्रकरण घरी नेलं आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, अ‍ॅलिसला, वाचायला दिलं.

अ‍ॅलिस ते घेऊन वर आपल्या खोलीत गेली. तासाभरानं खाली आली ती पुढची पानं मागतच. पुढचं कधी आणणार, म्हणून तिनं वडिलांच्या मागे टुमणंच लावलं.

जून १९९७ मध्ये ते पुस्तक निघालं. पक्क्या बांधणीच्या जेमतेम ५०० प्रती छापल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याचशा वाचनालयांना गेल्या. पुस्तकाचं नाव तुम्ही ओळखलं असेलच. हॅरी पॉटरचा पहिला भाग! आज तो मराठीतही मिळतो.

आता गंमत बघा. रेनरनं लेखकाची जन्मतारीख सांगितली नव्हती. अ‍ॅलिसनं बोध सांगितला नव्हता. एकानं गोष्ट सांगितली, दुसरीनं 'पुढचं कुठाय?' एवढंच विचारलं. पण दोघांनीही खरं तेच सांगितलं. मोठ्या माणसांनी केलेली 'मुलांनी वाचावीत अशी शंभर पुस्तकं' ही यादी एकीकडे, आणि शेजारच्या बाकावरचा मित्र डोळे मोठे करून "अरे, तू हे वाचच!" म्हणतो ते एकीकडे. कुणाचं ऐकाल तुम्ही? मित्राचंच ना? मग तुमचाही शब्द तुमच्या मित्राच्या लेखी तेवढाच वजनदार आहे!

प्रत्येक पुस्तकाचा एक वाचक असतो

डॉ. एस. आर. रंगनाथन यांचं नाव ऐकलंय? ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि मग आयुष्यभर पुस्तकांमध्येच रमले. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो.

१९३१ साली त्यांनी ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली. त्यांतल्या दोघांचा अर्थ आपल्या आजच्या गप्पांना अगदी चपखल बसतो. एक, प्रत्येक वाचकासाठी कुठेतरी त्याचं पुस्तक असतं. दुसरं, प्रत्येक पुस्तकासाठीही कुठेतरी त्याचा वाचक असतो.

पण या दोघांची गाठ घालून द्यायची कुणी? तुमच्या वर्गात एखादा मुलगा असेल, जो म्हणतो, "मला नाही बुवा वाचायला आवडत." खरं तर त्याला त्याचं पुस्तक अजून भेटलेलंच नसतं. त्याच्या हाती एकदा कुणीतरी जाडजूड, बारीक अक्षरांचं पुस्तक दिलं, ते त्याला जमलं नाही, आणि 'वाचन आपल्यासाठी नाही' अशी त्यानं मनाशी गाठ मारून टाकली. एखादीच्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तकच नसतं. दुकानात जाऊन विकत घेणं परवडत नाही. तिच्यापर्यंत पुस्तक पोचायचं तर ते कुणाच्या तरी तोंडूनच पोचणार.

दुसरीकडे काय असतं? शाळेच्या कपाटात एक सुंदर पुस्तक धूळ खात पडलेलं. मागच्या पानावरच्या कागदावर शेवटची तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची. कुणी मागत नाही म्हणून कुणी काढत नाही, आणि कुणी काढत नाही म्हणून कुणाला ठाऊकच होत नाही! दुकानातही तेच. ज्या पुस्तकाला मागणी नाही, त्याची नवी आवृत्ती कोण काढणार? पुस्तक असं गुपचूप नाहीसं होतं.

म्हणजे बघा, एका बाजूला पुस्तक नसलेला वाचक, दुसऱ्या बाजूला वाचक नसलेलं पुस्तक. मध्ये पूल बांधायचा तर तुमची दोन मिनिटांची बडबड पुरते!

आता सांगायचं कसं?

यासाठी आपण साने गुरुजींकडे जाऊ. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात असताना लिहिलं. हे पुस्तक उघडून अनुक्रमणिका बघा. तिथे 'धडा पहिला, धडा दुसरा' असं नाही. तिथे आहेत रात्री! श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. सगळं आयुष्य एका दमात सांगून टाकत नाही. एका रात्री एकच आठवण, आणि तीही नीट, डोळ्यांपुढे उभी राहील अशी.

हीच आपली पहिली युक्ती. सगळं पुस्तक सांगायला जाऊ नका. एकच प्रसंग निवडा. समजा, तुम्ही भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' वाचलाय. आता 'फास्टर फेणेचं पुस्तक साहसी आणि मनोरंजक आहे' असं सांगितलंत, तर ऐकणारा जांभई देईल. त्याऐवजी असं सांगून बघा: "फुरसुंगीचा एक मुलगा आहे, बनेश फेणे. अगदी काडीपैलवान! पण सायकलवर बसला की वारा. आणि कुठे काही भानगड दिसली, की तोंडानं आवाज काढतो, ट्टॉक! मग जिथे जायचं नाही, तिथेच हा हमखास पोचतो. एकदा तर काय झालं..." बघा, कान टवकारले की नाही?

दुसरी युक्ती, शेवट पोटात ठेवा. चोर कोण, खजिना कुठे, ते काही केल्या सांगायचं नाही. मित्रानं कितीही गळ घातली तरी "वाच आणि बघ" म्हणायचं. ज्याला शेवट कळला, त्याला निम्मी चव गेली!

तिसरी, पुस्तक कुणाला आवडेल ते सांगा. "तुला कुत्री आवडतात ना? मग हे घे." "तू कोडी सोडवतेस ना? मग यातला गुप्त संदेश तुलाच सुटेल." असं म्हटलं, की ते पुस्तक खास आपल्यासाठीच बाजूला काढून ठेवलंय, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

चौथी, सांगणं जमत नसेल तर एक पान वाचून दाखवा. लाजू नका. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग'मधल्या कविता मनातल्या मनात वाचण्यापेक्षा मोठ्यानं वाचा, आणि बघा आजूबाजूला कशी खसखस पिकते ते.

आणि पाचवी युक्ती सगळ्यांत महत्त्वाची. आवडलं नसेल तर तसंही सांगा! पुस्तक प्रसिद्ध आहे, ताईंनी दिलंय, सगळे 'वा वा' म्हणतात, म्हणून आपणही माना डोलावल्याच पाहिजेत असं नाही. फक्त 'बकवास आहे' म्हणून हात झटकू नका. का आवडलं नाही ते शोधा. सुरुवातच लांबली? माणसांची नावं लक्षात राहिना? की सगळं आधीच कळत गेलं? तुम्हांला कंटाळवाणं वाटलेलं पुस्तक एखादीला नेमकं आवडेल, आणि मग तुमचं जे भांडण जुंपेल, त्यात दोघांनाही ते पुस्तक पुन्हा उघडावं लागेल. पुस्तकावरून झालेलं भांडण फार चांगलं बरं का!

"पण मी तर फक्त कॉमिक्स वाचतो..."

हं, हा प्रश्न येणारच होता. कुणी म्हणेल, "सगळे जाडजाड कादंबऱ्यांची नावं सांगतात. मी आपला 'चिंटू' वाचतो. हसतील ना मला?"

मुळीच नाही! 'चिंटू' १९९१ साली वर्तमानपत्रात सुरू झाला आणि तेव्हापासून कितीतरी जणांच्या सकाळची सुरुवात त्यानंच झाली आहे. तीन-चार चौकटींत हसवायचं ही काही सोपी गोष्ट नाही. कॉमिक्स, विज्ञानाच्या प्रयोगांचं पुस्तक, पक्ष्यांची माहिती, खेळाडूचं चरित्र, पाककृती, दिवाळी अंकातली एखादी गोष्ट, सगळं वाचनच आहे. मोबाइलवर वाचलंत तर तेही वाचनच. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. आई-बाबांच्या लहानपणचा एखादा अंक काढा आणि त्यांनाच दाखवा. मग बघा, तुम्हांला सांगायची गरजच पडणार नाही, तेच सांगत सुटतील!

आणि कुणी तुमच्यासमोर सोपं पुस्तक काढलं, तर तुम्हीही हसू नका हं. जो एकदा हसण्यावारी गेला, तो पुन्हा तोंड उघडत नाही.

सांगणाऱ्याला हवा एक कान

'तोत्तोचान' वाचलंय का? जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांनी स्वतःच्याच लहानपणाची ही गोष्ट १९८१ साली पुस्तकरूपानं आणली. मराठीतही ती आहे. छोट्या तोत्तोचानला एका शाळेतून काढून टाकलेलं असतं. आई तिला घेऊन दुसऱ्या शाळेत जाते. या 'तोमोए' शाळेचे वर्ग भरतात चक्क रेल्वेच्या जुन्या डब्यांत! तिथले मुख्याध्यापक कोबायाशी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतात आणि तिला जे जे सांगायचंय ते सगळं सांगायला सांगतात. आणि ती बोलते. किती वेळ? तब्बल चार तास! तेवढा वेळ ते ऐकत राहतात. जांभई नाही, घड्याळाकडे बघणं नाही.

ती शाळा १९४५ साली बाँबहल्ल्यात जळून गेली. पण त्या चार तासांची आठवण तोत्तोचान मोठी झाल्यावरही विसरली नाही. तिनं ती लिहिली, म्हणून आज ती आपल्यापर्यंत पोचली.

सांगायचं तात्पर्य, पुस्तकाच्या गप्पांत जितकं काम सांगणाऱ्याचं, तितकंच ऐकणाऱ्याचं. आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसणं म्हणजे ऐकणं नव्हे. मध्येच "मग काय झालं?" विचारणं, म्हणजे ऐकणं! आणि कुणी अडखळलं, तर त्याला थोडा वेळ देणं, म्हणजेही ऐकणंच.

चला, जमवू या पुस्तकगप्पा!

याला ना सभागृह लागत, ना माईक, ना पाहुणे. चाळीतली गॅलरी, सोसायटीचा जिना, गावातला पार, शाळेतला शेवटचा तास, कुठलीही जागा चालेल. शनिवारी पाच-सहा जणांनी जमायचं. प्रत्येकानं एकच पुस्तक आणायचं आणि दोन मिनिटं बोलायचं. मग पुस्तकांची अदलाबदल.

थोडं गणित करू. पाच जण आहेत. प्रत्येकाकडे एकच पुस्तक आहे. दर आठवड्याला पुस्तक पुढच्याकडे सरकवलं, तर पाच आठवड्यांत प्रत्येकाची पाच पुस्तकं वाचून होतात, आणि विकत घेतलेलं असतं फक्त एक! ज्याच्याकडे एकही नाही, त्यानं वाचनालयातलं आणावं. तेही नसेल तर नुसतं ऐकायला यावं आणि जाताना एक घेऊन जावं. पुढच्या शनिवारी त्याच्याकडे सांगायला काहीतरी असेलच.

"पण दिलेलं पुस्तक परत येत नाही!" ही तक्रार मोठ्यांचीही आहे. त्यावर उपाय म्हणजे एक वही. तारीख, पुस्तकाचं नाव, कुणी नेलं, कधी परत आलं. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घाला. पान दुमडायचं नाही, खूण म्हणून जुनं बसचं तिकीट ठेवा. आणि वहीत एक रिकामा रकाना ठेवा, 'एका ओळीत मत'. रेनरसारखं! चुका झाल्या तरी चालतील.

मोठी माणसंही हेच करतात बरं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात, वाचून झाल्या की अदलाबदल होते. अशा पेट्या दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी घरांपर्यंतही पोचल्या. सातारा जिल्ह्यातलं भिलार हे स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या करून दिल्या. कुणाकडे कथा-कादंबऱ्या, कुणाकडे बालसाहित्य! महाबळेश्वर-पाचगणीच्या सहलीला गेलात, तर आई-बाबांना गाडी तिकडे वळवायला लावा.

पण भिलारला जाईपर्यंत थांबू नका. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो, त्याचीही वाट बघू नका. उद्या शाळेत गेलात, की शेजारी बसणाऱ्याला विचारा, "काय रे, सध्या काय वाचतोयस?" तो "काही नाही" म्हणाला, तर दप्तरातलं पुस्तक काढा, तुमचा आवडता प्रसंग उघडा आणि सुरू करा, "ऐक हं, एकदा काय झालं..."

फक्त शेवट सांगू नका!